फ्रेडरिक डग्लस : पळालेला गुलाम व वॉशिंग्टनचा मार्शल

सन २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी एका गोऱ्या पोलीस शिपायाने जॉर्ज फ्लॉइड नावाच्या कृष्णवर्णीय मनुष्याच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक वेळ गुडघा दाबून धरिला, आणि तो मनुष्य तेथेच गतप्राण झाला. त्या शिपायावर पुढील वर्षी खुनाचा गुन्हा शाबीत झाला. परंतु तत्पूर्वी सर्व देशभर लोक रस्त्यांवर उतरले. जूनच्या पहिल्या तारखेस वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोर जमलेल्या लोकांस पोलिसांनी बळाने हटविले, व थोड्याच वेळाने राष्ट्राध्यक्ष जवळच्या सेंट जॉन मंदिरासमोर पवित्र शास्त्र हाती धरून उभे राहिले. कित्येक ख्रिस्ती जनांस ते आवडले. तेथील बिशपबाईंनी मात्र उघड निषेध केला. पोलिसांच्या हाती किती सत्ता असावी, ती काळ्यावर व गोऱ्यावर सारखीच चालते काय, आणि राज्यकारभारात देवाचे नाव कोणी व कशासाठी घ्यावे, हे तीन प्रश्न त्या एका दिवशी एकत्र आले. वाचकांस वाटेल की हे तंटे अलीकडचे आहेत. तसे नव्हे. ज्या एका पुरुषाने हे तिन्ही प्रश्न आपल्या अंगावर सोसले, त्याचे चरित्र आज आम्ही सांगणार आहोत.

फ्रेडरिक याचा जन्म इ. स. १८१८ च्या फेब्रुवारी महिन्यात मेरीलँड संस्थानातील टॅल्बट परगण्यात झाला. आई हॅरिएट बेली ही गुलाम होती, आणि मूल आईच्या स्थितीस जाते असा तेथील कायदा होता. सबब बाप कोणीही असो, मूल गुलामच. बाप गोरा होता एवढे लोक बोलत, व तो धनीच असावा अशी कुजबुजही होती. मुलास आजीने वाढविले, कारण आईस सहा कोसांवरील दुसऱ्या शेतावर राबविण्यास दिले होते. दिवसभर काम करून ती रात्री पायी येई, लेकराजवळ घटकाभर निजे, आणि उजाडण्याच्या आत परत जाई. सूर्योदयास शेतावर हजर नसल्यास फटके ठरलेले असत. अशा भेटी त्याच्या आठवणीत चारपाचच होत्या. तो सुमारे सात वर्षांचा असता ती वारली. दुसऱ्याच्या शेतावर सालाने राबून, तान्हे मूल बांधावर निजवून ज्यांनी कापणी केली आहे, त्यांस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

१८२६ साली त्यास बाल्टिमोर शहरी ह्यू ऑल्ड याच्या घरी धाडिले. घरची बाई सोफिया दयाळू होती. तिने त्यास मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. नवऱ्यास कळताच त्याने ते बंद पाडिले, कारण वाचता येऊ लागल्यावर गुलाम गुलामीस योग्य राहत नाही, असे त्याचे मत होते. मुलाने ते ऐकिले व नेमका उलट बोध घेतला. गल्लीतील भुकेल्या गोऱ्या पोरांस घरचा पाव देऊन त्याने त्यांच्याकडून अक्षरे मिळविली, आणि सुमारे बारा वर्षांचा असता साठविलेल्या पन्नास सेंटांनी भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले. पुढे एका वर्षाच्या आत-बाहेर त्याचे मन प्रभूकडे वळले. चार्ल्स लॉसन नावाचा एक वृद्ध कृष्णवर्णीय गाडीवान त्याचा आत्मिक बाप झाला. मुलगा म्हाताऱ्यास शब्द वाचून दाखवी, व म्हातारा मुलास त्यांचा अर्थ सांगे.

१८३३ साली त्यास सेंट मायकल्स गावी थॉमस ऑल्ड याजकडे पाठविण्यात आले. हा थॉमस मेथॉडिस्टांच्या एका रानसभेत पश्चात्तापी होऊन मंडळीत सामील झाला होता. त्याच्या घरी सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होई, उपदेशक पाहुणे उतरत. आता धनी आपणांस मोकळे करील, निदान पोटभर अन्न तरी देईल, अशी गुलामांस आशा वाटली. घडले ते उलट. हेनी नावाची एक तरुण मुलगी होती; लहानपणी हात भाजून लुळे झाल्याने तिच्याकडून काम होत नसे. तिला बांधून तो चाबकाने मारी, आणि मारिताना लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील दासास फटके बसतील हे वचन म्हणे. फ्रेडरिकने त्या गावी मुलांसाठी शब्बाथशाळा काढिली, तेव्हा तिच्यावर काठ्या घेऊन धावून आलेल्यांत मंडळीचे वर्गनायक होते. पवित्र शास्त्र शिकविले म्हणून पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांनीच मुलांस हाकून दिले. खेड्यातून कंदिलाच्या उजेडात शाळा चालविणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंनी येथे क्षणभर थांबावे.

पुढल्या वर्षी त्यास एडवर्ड कॉव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे एक वर्षाच्या कराराने दिले. बंडखोर गुलामांस वठणीवर आणण्याबद्दल हा प्रसिद्ध होता, व तोही मंडळीचा सभासद होता. सहा महिने त्याने फ्रेडरिकला दर आठवड्यास मारिले. ऑगस्टात एके दिवशी मुलाने त्याचा गळा धरिला व सुमारे दोन तास झुंज चालली. त्यानंतर कॉव्हीने त्याच्या अंगास हात लाविला नाही. त्यास कॉन्स्टेबलच्या हवाली करून चव्हाट्यावर फटके देवविणे सोपे होते. पण सोळा वर्षांच्या पोराने आपणांस धरिले हे जगजाहीर करण्याची त्यास लाज वाटली असावी, असे डग्लस यांनी पुढे अनुमान केले आहे.

येथे तेथील पोलिसांविषयी थोडे सांगितले पाहिजे. दक्षिणेकडील संस्थानांत गुलामांवर नजर ठेवणारी गस्त असे; दक्षिण कॅरोलायना प्रांताने १७०४ सालीच तिचा कायदा केला होता. रस्त्याने जाणाऱ्या कोणाही काळ्या मनुष्यास अडवून धन्याची चिठ्ठी मागावी, चिठ्ठी नसल्यास फटके मारावे, झोपड्यांची झडती घ्यावी, त्यांच्या सभा मोडाव्या, हे गस्तीचे काम. गोऱ्या मनुष्यास कायद्याचा शिपाई राखणदार वाटे. काळ्यास तोच शिपाई धन्याचा लांब झालेला हात वाटे. १८३६ च्या ईस्टरपूर्वी फ्रेडरिक व त्याचे सोबती पळून जाणार होते. चिठ्ठ्या त्यानेच लिहिल्या होत्या. कोणी तरी फितुरी केली आणि कॉन्स्टेबल येऊन उभे राहिले. त्याने आपली चिठ्ठी चुलीत टाकिली. सोबत्यांनी आपापल्या चिठ्ठ्या भाकरीबरोबर खाऊन टाकिल्या. घोड्यांमागे बांधून त्यांस ईस्टनच्या तुरुंगात नेले, व तेथे गुलामांचे व्यापारी येऊन त्यांची अंगे चाचपून गेले.

१८३८ च्या सप्टेंबरच्या ३ तारखेस तो खलाशाच्या वेषाने बाल्टिमोरहून आगगाडीत बसला. जवळ एका स्वतंत्र काळ्या खलाशाचा उसना दाखला होता. त्यातील वर्णन त्याच्या अंगाशी जुळत नव्हते. पण वर गरुडाचा सरकारी शिक्का होता, व गाडीवरील अंमलदाराने तेवढाच पाहिला. दुसऱ्या दिवशी तो न्यूयॉर्कला होता. तेथे ॲना मरे हिजशी त्याचा विवाह झाला, व न्यू बेडफर्ड गावी जाऊन त्याने डग्लस हे आडनाव घेतले. ते स्वतंत्र संस्थान. तरी तेथील मेथॉडिस्ट मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी गोऱ्यांस भाकर व द्राक्षारस दिल्यानंतरच पाळकाने कोपऱ्यातील काळ्यांस पुढे बोलाविले. डग्लस उठून गेले ते पुन्हा त्या मंदिरी आले नाहीत. ते कृष्णवर्णीयांच्या झायन मंडळीत सामील झाले व तेथे त्यांस उपदेश करण्याची सनद मिळाली. आमच्या गावांत एके काळी, आणि कोठे कोठे त्यानंतरही, एकाच प्याल्यावरून जे तंटे झाले ते वाचक जाणतातच. आम्ही अधिक लिहीत नाही.

१८४१ पासून ते गुलामगिरीविरुद्ध व्याख्याने देऊ लागले. १८४५ साली त्यांनी आपले चरित्र छापिले. त्यात धन्याचे नाव असल्याने पकडले जाण्याची भीती होती, म्हणून ते ब्रिटनला गेले. तेथील मित्रांनी १५० पौंड भरून त्यांची सुटका विकत घेतली. परत येऊन १८४७ साली त्यांनी रॉचेस्टर शहरी आपले वर्तमानपत्र काढिले.

१८५० साली काँग्रेसने पळालेल्या गुलामांस पकडून देण्याचा कायदा केला. तो समजून घेण्यासारखा आहे. ज्यावर गुलाम असल्याचा आरोप असेल त्याची स्वतःची साक्ष घ्यावयाची नाही. पंच बसवावयाचे नाहीत. निकाल देणाऱ्या कमिशनरने मनुष्य परत धाडिल्यास त्यास दहा डॉलर मिळत, सोडून दिल्यास पाच. मार्शलने वॉरंट बजाविण्याचे नाकारिल्यास एक हजार डॉलर दंड. रस्त्याने जाणाऱ्या कोणासही मदतीस बोलाविता येई. पळणाऱ्यास घरात आसरा देणाऱ्यास सहा महिने कैद. अशा प्रकारे प्रत्येक गृहस्थ गस्तीचा शिपाई झाला. १८५४ साली बॉस्टन शहरी अँथनी बर्न्स या बाप्तिस्ट उपदेशकास पकडून, लष्कराच्या पहाऱ्यात जहाजावर घालून व्हर्जिनियास परत नेले. पुढील वर्षी मित्रांनी त्यास विकत घेऊन मुक्त केले. त्याने आपल्या जुन्या मंडळीकडे शिफारसपत्र मागितले, तेव्हा मंडळीने धन्यापासून पळाल्याच्या अपराधाबद्दल त्यास बहिष्कृत केल्याचे कळविले.

धर्मोपदेशकांत दोन तट पडले. एक पक्ष पौलाने अनेसिमास फिलेमोनाकडे परत धाडिले हे दाखवी. दुसरा अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायातील, धन्यापासून पळून आलेल्या दासास परत देऊ नये ही आज्ञा दाखवी. डग्लस यांनी आपले घर पळणाऱ्यांस उघडे ठेविले, आणि १८५२ च्या जुलैच्या ५ तारखेस, राष्ट्राच्या स्वातंत्र्योत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, रॉचेस्टर येथे भाषण करून ह्या कायद्याविरुद्ध गप्प बसलेल्या मंडळ्यांस भयंकर शब्दांत दोष दिला. कित्येकांनी त्यांस नास्तिक म्हटले. परंतु त्यांचे पुस्तक नीट वाचणाऱ्यास दिसते की त्यांचा रोष ख्रिस्ताच्या धर्मावर नसून चाबकास आशीर्वाद देणाऱ्या धर्मावर होता. हा भेद त्यांनी स्वतः पुस्तकाच्या शेवटी वेगळे प्रकरण जोडून स्पष्ट केला.

राज्यघटनेविषयीही त्यांचा मोठा वाद झाला. त्यांचे गुरू विल्यम लॉइड गॅरिसन ती घटना गुलामगिरीशी केलेला करार मानीत. डग्लस यांनी १८५१ साली जाहीर केले की आपले मत बदलले आहे. घटनेच्या शब्दांत गुलाम हा शब्द नाही, तर ती स्वातंत्र्याचे हत्यार का होऊ नये? ह्या मतभेदाने दोघांची मैत्री तुटली. येथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. १७८७ च्या त्या घटनेत देवाची प्रार्थना नाही, व सरकारी अधिकारासाठी धर्माची कसोटी लावू नये असे तीत लिहिले आहे. १८६१ साली फुटून निघालेल्या गुलामधन्यांनी आपली निराळी घटना केली. तिच्या प्रस्तावनेत मात्र सर्वसमर्थ देवाची कृपा मागितली आहे. युद्धात पराभव होऊ लागले तेव्हा उत्तरेकडीलही काही पाळकांनी आपल्या घटनेत प्रभूचे नाव घालावे असा अर्ज केला. तो मान्य झाला नाही. देवाचे नाव ज्या कागदावर होते, त्या कागदाखाली पस्तीस लाखांच्या आसपास माणसे गुलाम होती, हे आम्हांस विसरता येत नाही.

युद्धात डग्लस यांनी काळ्या पलटणीसाठी माणसे भरती केली. त्यांचे दोन पुत्र तीत होते. १८६५ च्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली, १८६८ च्या दुरुस्तीने नागरिकत्व व कायद्याचे सारखे संरक्षण मिळाले, १८७० च्या दुरुस्तीने मताचा हक्क. कागदावर. १८६६ च्या मे महिन्यात मेम्फिस शहरी जमावाने ४६ काळी माणसे मारिली, त्यांची मंदिरे व शाळा जाळिल्या. त्या जमावात पोलीस होते. जुलैत न्यू ऑर्लिन्स येथे तेच घडले. तथापि ह्या मुक्तीची वार्ता दूरवर गेली होती. पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, गुलामांस मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखविणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांसच अर्पण केले.

मताचा हक्क मिळाला त्या वर्षी एक चमत्कारिक तंटा झाला. आनंदसभेत डग्लस म्हणाले की देवाचे आभार आपण, ज्यांनी ह्या कामी आयुष्ये झिजविली त्या स्त्रीपुरुषांचे आभार मानूनच मानू. फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय पाळकांस राग आला व त्यांनी निषेधाचा ठराव केला. आमच्या मते पाळकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण गुलामगिरीविरुद्धच्या सभांस ज्यांनी आपली मंदिरे कुलुपबंद ठेविली होती, तेही त्या दिवसांत मोठ्याने स्तुतिगीते गात होते, हे डग्लस यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

१८७७ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांनी त्यांस राजधानीच्या जिल्ह्याचे मार्शल नेमिले. ज्या हुद्द्याच्या अंमलदारांकडे पळालेल्यांस पकडण्याचे वॉरंट येई, तो हुद्दा पळालेल्याच्या हाती आला. वॉशिंग्टनच्या वकिलांनी विरोध केला; हा मनुष्य कचेरी व पंच काळ्यांनी भरून टाकील असे त्यांस भय वाटे. सेनेटने नेमणूक मंजूर केली. परंतु राष्ट्राध्यक्षांच्या घरी पाहुण्यांची ओळख करून देण्याचा जो मान मार्शलचा असे, तो त्यांच्याकडून काढून दुसऱ्यास दिला, आणि तो अपमान गिळून ते जागेवर राहिले. त्याच एप्रिलात हेज यांनी दक्षिणेतून उरलेली फौज राजगृहांपासून हलविली, व तेथील काळे लोक पुन्हा जुन्या धन्यांच्या हाती पडले. त्या वेळी डग्लस यांनी जितके बोलावयास हवे होते तितके ते बोलले नाहीत, असे आम्हांस वाटते. सरकारी पगार घेणाऱ्याची जीभ जड होते. ती त्यांचीही झाली.

जूनमध्ये मार्शल डग्लस सेंट मायकल्सला गेले. थॉमस ऑल्ड मरणशय्येवर होता. म्हाताऱ्याने त्यांस मार्शल म्हणून हाक मारिली. डग्लस यांनी त्यास पूर्वीप्रमाणेच कॅप्टन म्हटले. दोघांस रडू आले. डग्लस यांनी त्यास आपला जन्म केव्हा झाला हे विचारिले, कारण ते सांगू शकणारा तोच राहिला होता.

पुढे त्यांनी दस्तऐवज नोंदणीचे काम केले, व हैती देशी वकील म्हणून ते गेले. ॲनाबाई वारल्यावर १८८४ साली त्यांनी हेलन पिट्स या गोऱ्या बाईशी विवाह केला, तेव्हा दोहोंकडील नातलग रागावले. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने, खाणावळी व आगगाड्यांत काळ्यांस सारखी वागणूक देण्याचा कायदा रद्द केला, त्यावर ते निर्भयपणे बोलले. १८९४ च्या जानेवारीत, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी वॉशिंग्टनच्या एका कृष्णवर्णीय मंडळीच्या मंदिरात जमावाने कैद्यांस फाशी देण्याच्या दुष्कर्मावर शेवटचे मोठे भाषण केले. तुरुंगाच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेस, तेच अंमलदार कैदी जमावाच्या हवाली करीत, आणि खटला होण्यापूर्वीच दोरी बांधिली जाई. येथे त्यांची जीभ जड झाली नाही.

१८९५ च्या फेब्रुवारीच्या २० तारखेस ते दिवसा स्त्रियांच्या हक्कांच्या सभेस जाऊन आले. संध्याकाळी जवळच्या कृष्णवर्णीय मंडळीत त्यांचे भाषण ठरले होते. दिवसाची हकीकत पत्नीस सांगत असता ते एकाएकी खाली कोसळले, आणि त्या भाषणास गेले नाहीत.