रोधाचा हिशेब मांडणारा शिक्षक : जॉर्ज सायमन ओहम

लखनौच्या गोमती नगरात ऐन जानेवारीत मुक्काम करण्याचा प्रसंग आपणांवर आला, तर तेथील धुके आणि थंडी यांची ओळख पहिल्याच रात्री होईल. भाषांतराच्या कामानिमित्त मी तेथे एका घरी उतरलो होतो. खोलीत तारेचा साधा हीटर होता. रात्री घरोघरी हीटर लागले की त्याची लालबुंद तार मंदावे आणि व्होल्टेज उतरले, असे यजमान सांगत. ते उतरल्याने ऊब किती घटली, हे कागदावर मांडता येते. ज्या मनुष्यामुळे ते मांडता येते, त्याचे चरित्र आपणांपुढे ठेवावे असे तेव्हापासून मनात होते.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन गावी एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. वडील कुलुपे करणारे कारागीर. त्यांना शाळेचे शिक्षण लाभले नव्हते. परंतु स्वतःच्या अभ्यासाने त्यांनी गणित व विज्ञान इतके आत्मसात केले होते की मुलांना तेच शिकवीत. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई निवर्तली. सात भावंडांपैकी तिघेच मोठी झाली. त्यांतील मार्टिन हेही पुढे गणिती म्हणून नावारूपास आले.

१८०५ साली जॉर्ज विद्यापीठात गेले. पण तेथे नृत्य, बिलियर्ड व बर्फावरील घसरणी यांतच त्यांचे मन अधिक रमले. कष्टाने शिकलेल्या बापाला हे कसे रुचावे? तीन सत्रांनंतर शिक्षण थांबले आणि तरुण जॉर्ज स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवू लागले. १८११ मध्ये परत येऊन त्यांनी डॉक्टरेट मिळविली खरी, तरी विद्यापीठातील प्राध्यापकपद दूरच राहिले. १८१७ साली ते कोलोन येथील, पूर्वी येशूसंघीयांच्या असलेल्या विद्यालयात शिक्षक झाले. तेथील प्रयोगशाळा चांगली होती, हे त्यांचे भाग्य.

त्यांनी घेतलेला प्रश्न साधा होता : तार लांब केली तर विजेचा प्रवाह किती कमी होतो? अडचण अशी की त्या काळच्या विद्युतघटाचा जोर क्षणाक्षणाला बदले. मग १८२६ साली त्यांनी निराळा मार्ग धरला. बिस्मथ व तांबे यांचे दोन सांधे केले. एक उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. तापमानातील हा फरक स्थिर, म्हणून विजेचा जोरही स्थिर. त्यात २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या तांब्याच्या आठ तारा एकामागून एक जोडून, चुंबकसूचीच्या साहाय्याने त्यांनी प्रवाह मोजला. तारेचा रोध वाढेल त्या मानाने प्रवाह घटतो, हा नियम त्यातून हाती आला.

अर्ध्या पगारावर रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि १८२७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नावातील ‘केट्टे’ या जर्मन शब्दाचा सरळ अर्थ साखळी. येथे मात्र तो विजेच्या मंडलासाठी आला आहे. (अशा शब्दापाशी भाषांतरकार हमखास अडखळतो.) ग्रंथाचे स्वागत थंड झाले. निसर्गाचे रहस्य असे समीकरणांत बसविणे अनेक पंडितांना मानवले नाही, आणि एका टीकाकाराने तर कठोर हल्ला चढविला. प्राध्यापकपदाची आशा धरून बसलेल्या ओहम यांनी निराश होऊन कोलोनची नोकरी सोडली. पुढील काही वर्षे बर्लिनमध्ये गणिताचे तास घेण्यात गेली. १८३३ मध्ये न्युरेंबर्गच्या तंत्रशाळेत स्थिर जागा मिळाली.

आता आपण त्या हीटरकडे वळू. त्याच्या पट्टीवर व्होल्ट व वॅट छापलेले असतात. ओहम बहुधा नसतो, तो काढावा लागतो. समजा, २३० व्होल्टला तारेतून ५ अँपिअर प्रवाह जातो. २३० ला ५ ने भागा : ४६ ओहम हा रोध. २३० ला ५ ने गुणा : ११५० वॅट ही शक्ती. रात्री व्होल्टेज १८४ वर आले की त्याच ४६ ओहममधून ४ अँपिअरच जातील, आणि शक्ती उरेल ७३६ वॅट. व्होल्टेज एक पंचमांशाने उतरले. ऊब मात्र एक तृतीयांशाहून अधिक घटली, कारण व्होल्टबरोबर प्रवाहही कमी झाला. (तापमानानुसार तारेचा रोध किंचित बदलतो, तो फरक येथे सोडून दिला आहे.) प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले की उष्णतेचा वेग कळतो, हे दाखविले इंग्लंडच्या जूल यांनी, १८४१ साली.

त्याच वर्षी ओहम यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये निघाले आणि तेथील रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. मायदेशी मान मिळण्यास आणखी काळ लागला. म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी लाभले. ते अविवाहित राहिले. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिक येथे त्यांचे देहावसान झाले. पुढे सत्तावीस वर्षांनी, १८८१ साली, पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने व्होल्ट व अँपिअर यांच्यासोबत रोधाच्या एककास ओहम यांचे नाव मान्य केले.