पदवी नव्हती, तरी ब्रिटनच्या राजाला बोलतं करणारा लायोनेल लोग

आजी-आजोबांच्या कपाटात जुनी नाणी असतील तर सहाव्या जॉर्जचं एखादं सापडेलच. हा राजा अडखळत बोलायचा. त्याला सावरणारा माणूस मात्र डॉक्टर नव्हता.

लायोनेल लोगचा जन्म १८८० चा, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडिलेडचा. पर्थमध्ये तो वक्तृत्व शिकवायचा. पहिलं महायुद्ध झालं आणि युद्धाच्या धक्क्याने वाचा गेलेले सैनिक परतू लागले. श्वासाचे व्यायाम, थट्टामस्करी आणि भरपूर धीर एवढ्यावर लोगने त्यांना बोलतं केलं. तेव्हा स्पीच थेरपी हा धड व्यवसायही झालेला नव्हता.

१९२४ मध्ये तो लंडनला गेला आणि थेट हार्ले स्ट्रीटवर, म्हणजे बड्या डॉक्टरांच्या गल्लीत, त्याने जागा घेतली. श्रीमंतांकडून फी घ्यायची आणि त्यातून गरिबांचे उपचार भागवायचे, असा त्याचा हिशोब.

ऑक्टोबर १९२६ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचा सहावा जॉर्ज, त्याच्याकडे आला. आदल्या वर्षी वेम्बलीच्या प्रदर्शनात भाषण करताना त्याची पार फजिती झाली होती. बरेच उपचार करून तो थकलेला. लोगच्या मते दोष डोक्यात नव्हताच. श्वास आणि स्वरयंत्राचा मेळ बसत नव्हता. उघड्या खिडकीपाशी उभं राहून एकेक स्वर पंधरा सेकंद मोठ्याने लांबवायचा, शिवाय रोज तासभर सराव. राजपुत्र असला तरी त्यातून सुटका नव्हती. मे १९२७ मध्ये कॅनबेराच्या संसद भवनाच्या उद्घाटनाचं भाषण त्याने नीट पार पाडलं.

'द किंग्ज स्पीच' सिनेमात ही भेट बरीच उशिरा झालेली दाखवली आहे. खरं तर राज्याभिषेकापर्यंत ओळखीला दहा वर्षं उलटली होती. आणि अडखळणं पूर्ण कधीच गेलं नाही. म्हणून तर १९३७ चा राज्याभिषेक असो की ३ सप्टेंबर १९३९ चं युद्धाचं रेडिओ भाषण, लोग जवळ असायचाच. भाषणातले अवघड शब्द तो आधीच बदलून ठेवायचा.

राजाच्या नावावर त्याने मिरवलं नाही. १९३५ मध्ये त्याने स्पीच थेरपिस्टांची ब्रिटिश संघटना उभी केली, कारण प्रशिक्षण न घेता दुकान मांडणारेही होते. स्वतः पदवीशिवायच्या माणसाने हे करावं, ही गंमतच!

फेब्रुवारी १९५२ मध्ये राजा गेला. एप्रिल १९५३ मध्ये लोगही गेला.