फळ्यावर अक्षर शिकवणारे गुरुजी : एडवर्ड जॉन्स्टन



शाळेच्या बोलक्या भिंती रंगवायला पेंटर आला की मुलं वर्ग सोडून त्याच्या मागे जाऊन उभी राहतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या शाळेत मीही मुलांबरोबर उभी होते. त्याने चपटा ब्रश घेतला आणि 'क'ची दांडी एका ओढीत खाली आणली. आधी कडा आखून मग आत रंग भरणं वगैरे काही नाही. ब्रश वळेल तसं अक्षर आपोआप जाड-बारीक होत होतं. डी.एड.ला फलकलेखनात मला काठावरचे गुण होते, त्यामुळे ते बघताना जरा लागलंच. अक्षर हाताच्या कौशल्याइतकंच हातातल्या साधनातूनही येतं, ही गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका माणसाने शोधून काढली आणि पुढे आयुष्यभर तीच शिकवली. आज त्यांच्याविषयी.

एडवर्ड जॉन्स्टन यांचा जन्म 11 फेब्रुवारी 1872 रोजी दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात झाला. घराणं मूळचं स्कॉटलंडचं. ते तीन वर्षांचे असताना कुटुंब इंग्लंडला परतलं. आई आजारी, वडील कामाच्या शोधात, म्हणून एका आत्याने-मावशीने सांभाळावं तसं नातेवाइकांच्या आधाराने बालपण गेलं. शिक्षण बहुतेक घरीच झालं. गणित आवडायचं, आणि जुन्या पोथ्यांसारखी नक्षीदार पानं लिहायचा नाद होता. पुढे एडिंबरोला डॉक्टरकीचा अभ्यास सुरू केला, पण तो पूर्ण झाला नाही. 1898 मध्ये लंडनला आले तेव्हा वय सव्वीस आणि हातात पदवी नाही. आपल्याकडे अशा मुलाला लोक काय म्हणतात, ते मी सांगायला नको!

लंडनमध्ये त्यांची गाठ विल्यम लेथबी यांच्याशी पडली. लेथबी तिथल्या एका नव्या कलाशाळेचे, सेंट्रल स्कूलचे प्रमुख होते. त्यांनी सुचवलं, ब्रिटिश म्युझियममध्ये जा आणि जुनी हस्तलिखितं नीट बघ. जॉन्स्टन बघत बसले. त्या काळी सजावटीची अक्षरं टोकदार निबाने आखून, मग आत भरून काढायची रीत होती. पण हजार वर्षांपूर्वीच्या त्या पानांवरची अक्षरं कुणी आखलेलीच नव्हती. ती रुंद, तिरप्या धारेच्या लेखणीने सरळ लिहिलेली होती. लेखणी एकाच कोनात धरली की एका दिशेला रेघ जाड येते आणि दुसऱ्या दिशेला बारीक. आपल्या आजोबा-पणजोबांना हे बोरूमुळे ठाऊकच होतं म्हणा. तिकडे मात्र ते विसरलं गेलं होतं.

सप्टेंबर 1899 मध्ये लेथबींनी त्यांना थेट शिकवायलाच लावलं. आता विचार करा, जो विषय शिकवणारं कुणी नाही, जो आपण स्वतः कालपरवा शिकायला घेतला, तो वर्गापुढे उभं राहून शिकवायचा! विद्यार्थी मोजकेच होते. त्यांत कॉब्डेन-सँडरसन हे नामवंत पुस्तकबांधणीकार होते, वय साठीच्या घरात. गुरुजी सत्तावीस वर्षांचे. एरिक गिल हेही त्यांच्याकडेच शिकले आणि पुढे दुकानांच्या पाट्या व दगडावरची अक्षरं करू लागले. 1901 पासून जॉन्स्टन रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्येही शिकवू लागले. खडू आडवा धरून ते फळ्यावर अक्षर लिहीत. त्यांच्या फळ्याचे फोटो काढून ठेवले गेले. आपण तर तास संपला की फळा पुसून मोकळे!

सोन्याच्या कामाबद्दल जरा सविस्तर सांगते. 1906 मध्ये त्यांचं लेखन आणि सजावटीवरचं पुस्तक आलं. त्यात सोन्याचा वर्ख कसा लावायचा हे पायरीपायरीने दिलं आहे. वर्ख म्हणजे मिठाईवर दिसतो तसाच, पण सोन्याचा, मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ. बोटाने उचलायला गेलात तर बोटालाच चिकटून फाटतो, आणि जवळ श्वास सोडला तरी उडतो. चर्मपत्रावर आधी अक्षर लिहायचं. मग जिथे सोनं हवं तिथे प्लास्टर, सफेता, सरस आणि थोडी साखर यांचं मिश्रण उंचवट्यासारखं भरायचं आणि वाळू द्यायचं. वाळल्यावर त्यावर तोंडाची वाफ सोडायची. त्या ओलाव्याने ते चिकट होतं. लगेच वर्ख ठेवायचा, दाबायचा आणि अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणायची. वाफ कमी पडली तर सोनं धरत नाही, जास्त झाली तर घोटताना सगळंच उखडतं. रंग शेवटी, कारण वर्ख आधी लावलेल्या रंगालाही चिकटून बसतो. ज्या श्वासाने वर्ख उडतो, त्याच श्वासाने तो बसवायचा. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवलं होतं.

त्यांचे शिष्य ग्रेली ह्यूइट यांनी सोन्याचं हे काम पुढे वाढवलं. स्वतः जॉन्स्टन मात्र फार संथ. मनासारखं होईपर्यंत पान सोडायचे नाहीत, त्यामुळे कामं रखडत. पैसाही बेताचाच मिळे. 1912 पासून ते डिचलिंग या खेडेगावात राहिले.

आणि याच माणसाकडे 1913 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचे फ्रँक पिक आले. स्टेशनांवर जाहिरातींची इतकी गर्दी असे की स्टेशनचं नाव कोणतं आणि साबणाची जाहिरात कोणती, ते प्रवाशाला पटकन कळत नसे. पिकना सहज वाचता येणारं, जाहिरातींहून वेगळं अक्षर हवं होतं. सोन्यात आणि वेलबुट्टीत रमलेल्या जॉन्स्टननी एकही वेलांटी नसलेलं, सारख्या जाडीचं साधं अक्षर दिलं. प्रमाणं मात्र जुन्या रोमन अक्षरांची ठेवली. 1916 मध्ये ते वापरात आलं. 26 नोव्हेंबर 1944 रोजी डिचलिंगलाच ते वारले. पुढे मुलगी प्रिसिला हिने त्यांचं चरित्र लिहिलं.

ते अक्षर थोड्याफार बदलांसह आजही लंडनच्या पाट्यांवर आहे. कधी त्याचा फोटो मिळाला तर मुलांना लहान 'आय'वरचा टिंब दाखवा. तो गोल नाही, शंकरपाळ्यासारखा आहे. रुंद लेखणी कागदावर नुसती टेकवली की असाच टिंब उमटतो. बोरू असेल तर मुलांना त्याने एक अनुस्वार द्यायला सांगा.