विश्लेषण : साने गुरुजींच्या काळी नसलेली मदत, बायपोलर आजारात थेरपी नेमके काय करते?

साने गुरुजी ११ जून १९५० रोजी मुंबईत गेले, तेव्हा त्यांचे वय ५० होते. त्यांनी स्वतःच आयुष्य संपवले, ही गोष्ट खान्देशात आजही दबक्या आवाजात बोलली जाते. गुरुजी फार हळवे होते, त्यांना भोवतालचे दुःख सोसले नाही, एवढे म्हणून विषय संपतो. त्यांना कोणता आजार होता, हे आज कोणीही ठरवू शकत नाही. रुग्णाला तपासल्याशिवाय निदान होत नाही. पण मनाचे टोकाचे चढउतार आज कोणाच्या वाट्याला आले, तर कोणती मदत मिळू शकते, हे त्यांच्या आयुष्याच्या निमित्ताने समजून घ्यायला हवे.

अमळनेरचे शिक्षक

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडचा. १९१७ मध्ये आई गेली. गरिबीत शिकून ते एम. ए. झाले आणि अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. १९२४ मध्ये तिथल्याच शाळेत (पुढचे प्रताप हायस्कूल) शिक्षक झाले आणि वसतिगृहाचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, कपडे धुणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे, हे सगळे ते करत. मुलांसाठी रोज हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहीत.

तुरुंग आणि उपोषणे

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळे आणि तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात राहिले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आहे. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. डिसेंबर १९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनासाठी ते खेडोपाडी फिरले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर खुले झाले.

असे झपाटून काम करणे म्हणजे आजार नव्हे. लाखो निरोगी माणसेही ध्येयासाठी रात्रीचा दिवस करतात.

शेवटची दोन वर्षे

जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. त्या धक्क्यातून गुरुजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पुतणी सुधाला ते ममतेने भरलेली पत्रे लिहीत. बाहेरून पाहता काम चालू होते, माणसे जवळ होती, महाराष्ट्र जीव लावत होता. त्यांच्या उदासीची कल्पना निकटच्या सहकाऱ्यांनाही होती. पण अशा वेळी जवळच्या माणसाने काय करायचे, हे त्या काळी शिकवणारे कोणी नव्हते. आत्महत्येचा प्रयत्न हा तर तेव्हा गुन्हाच होता.

बायपोलर आजार म्हणजे काय?

या आजारात मन दोन टोकांना जाते. एका काळात आठवडे-महिने उदासी असते. झोप, भूक, रस सगळे बिघडते. दुसऱ्या काळात अनेक दिवस उत्साह उतू जातो. दोन-तीन तास झोपूनही थकवा येत नाही, बोलणे थांबत नाही, पैसा उधळला जातो, अवाढव्य योजना आखल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोक या आजारासह जगत होते.

सप्टेंबर १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी लिथियम या औषधाचा परिणाम प्रसिद्ध केला. गुरुजी त्यानंतर नऊ महिन्यांनी गेले. या आजारासाठी बेतलेल्या थेरपी पद्धती आकाराला यायला त्यानंतरही काही दशके लागली.

थेरपीत काय होते?

थेरपी औषधाची जागा घेत नाही, दोन्ही सोबत चालतात. थेरपी म्हणजे गप्पा किंवा उपदेशही नव्हे. त्यात ठरावीक गोष्टी शिकवल्या जातात.

पहिली, स्वतःच्या खुणा ओळखणे. कोणाची आधी झोप कमी होते, कोणी एकदम दहा जणांना फोन लावतो. ही सुरुवात पकडली, तर झटका मोठा होण्याआधी डॉक्टरांकडे जाता येते.

दुसरी, दिवसाचे वेळापत्रक. उठणे, जेवण, काम आणि झोप रोज ठरल्या वेळी. झोप मोडली की या आजारात तोल जाऊ शकतो. रात्रीची वीज म्हणून केळीला पाणी भरायला जाणारा रावेर-यावलचा शेतकरी असो की लग्नसराईत जागणारे घर, थेरपिस्टसोबत बसून यावर मार्ग काढावा लागतो. पाणी भरायची पाळी घरात वाटून घेणे हासुद्धा उपचाराचाच भाग ठरतो.

तिसरी, विचारांची तपासणी. ‘मी सगळ्यांना ओझे आहे’ हा विचार उदासीने आणला आहे की तो खरा आहे, हे पारखायला शिकवले जाते.

चौथी, कुटुंबाची तयारी. बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेणे किंवा ‘मन घट्ट कर’ म्हणत राहणे, यात वेळ जातो. घरच्यांना आजार समजला, भांडण न करता बोलायची पद्धत कळली आणि बिघडल्यास काय करायचे हे आधीच ठरलेले असले, तर आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते, असे अभ्यासांतून दिसले आहे. नुसत्या मायेला इथे दिशा मिळते.

खान्देशात लक्षात ठेवायची गोष्ट

लिथियम घेणाऱ्यांनी उन्हाळ्यात सावध राहावे. जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. घामाने शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले, तर रक्तातले लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. पुरेसे पाणी प्यावे, मीठ अचानक बंद करू नये, रक्ततपासणी चुकवू नये. हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले किंवा तोल जाऊ लागला, तर लगेच डॉक्टर गाठावा. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने सोडू नयेत. उदासीसाठी डॉक्टरांकडे गेलात, तर पूर्वीचे अतिउत्साहाचे दिवसही सांगा. त्यावर औषधाची निवड अवलंबून असते.

मदत कुठे?

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागात दाखवता येते. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ती २४ तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर त्याला एकटे सोडू नका, त्याचे ऐकून घ्या आणि त्याच्यासमोरच हा क्रमांक लावा.