चर्मकार पंडित विल्यम कॅरी

संत रोहिदास महाराजांचे चरित्र आपल्या समाजात लहान मुलांसही ठाऊक आहे. हातात रापी आणि आरी असतानाही माणसास ज्ञानाची आणि भक्तीची उंची गाठता येते, हे त्यांनी काशी क्षेत्री दाखवून दिले. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही जे चरित्र निवडले आहे, ते जगात विख्यात असले तरी आपल्या घरांत फारसे वाचले जात नाही. हा पुरुष परदेशी आणि परधर्मी होता. परंतु तो जोडे शिवून आपले पोट भरीत असे, आणि पुढे त्याच हातांनी त्याने भारतात छापल्या गेलेल्या पहिल्या मराठी व्याकरणाचे पुस्तक सिद्ध केले. त्याचे नाव विल्यम कॅरी.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टन परगण्यात, पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. वडील एडमंड हे प्रथम हातमागावर कापड विणीत आणि पुढे गावच्या शाळेचे शिक्षक झाले. घरात पुस्तके होती, पैसा नव्हता. मुलगा शेतीच्या कामास जावा असा बेत होता. परंतु उन्हात गेले की त्याच्या त्वचेचा विकार बळावे. म्हणून सावलीत बसून करण्याचा धंदा शोधण्यात आला, आणि वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो पिडिंग्टन गावी क्लार्क निकल्स नामक चर्मकाराकडे उमेदवार म्हणून राहिला. निकल्स वारल्यावर हॅकल्टन येथील थॉमस ओल्ड यांच्याकडे त्याने काम केले.

हा नॉर्थॅम्प्टन परगणा म्हणजे इंग्लंडातील पादत्राणांचे माहेरघर होय. चरण्यास कुरणे, कातड्यास गुरे, धुण्यास नदीचे पाणी आणि कातडे कमावण्यास ओक वृक्षाची साल, अशी सर्व सामग्री तेथे हाताशी होती. आपल्या वऱ्हाडात बाभळीची साल आणि हिरडा जे काम करीत, तेच तेथे ओकची साल करी. सालीतील तुरट द्रव्य कातड्यात हळूहळू मुरते आणि मग ते कुजत नाही. हे मुरणे घाईने होत नाही. तळाचे जाड कातडे कुंडात कित्येक महिने पडून असे. असे कमावलेले कातडे फर्म्यावर ओढून, मेण लावलेल्या दोऱ्याने टाक्याला टाका भिडवून जो जोडा शिवला जाई, तो वापरत्याच्या पावलाचा आकार घेई. तळ झिजला तर तळ बदलावा, टाच झिजली तर टाच बदलावी; वरचे अंग वर्षानुवर्षे चाले. चांगल्या जोड्याची थोरवी हीच की तो दुरुस्त करता येतो, आणि जितका जुना होतो तितका पायास सुखाचा वाटतो.

कॅरी ह्या कामात कच्चे होते अशी एक गोष्ट पुढे लोकांनी पसरविली. परंतु उतारवयात त्यांनी स्वतःच तिचा स्पष्ट इन्कार केला आहे. आपण चांगले कारागीर समजले जात होतो, आणि आपण शिवलेला एक जोडा ओल्ड यांनी उत्तम कामाचा नमुना म्हणून दुकानात ठेवला होता, असे त्यांनी आवर्जून कळविले. ज्या काळी ते अनेक भाषांचे पंडित म्हणून मान्यता पावले होते, त्या काळी त्यांना आपल्या जोड्याची अब्रू राखावीशी वाटली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

निकल्स यांच्या दुकानात एक धर्मग्रंथावरील टीका पडली होती. तीत काही अक्षरे ह्या उमेदवारास वाचता येईनात. ती ग्रीक होती. त्याने ती जशीच्या तशी उतरून घेतली आणि आपल्या गावातील एका शिकलेल्या विणकराकडून समजावून घेतली. तेथून जो अभ्यास सुरू झाला तो थांबलाच नाही. पुढे जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच आणि फ्रेंच ह्या भाषा त्यांनी बहुतेक स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केल्या. कोणत्याही महाविद्यालयाची पायरी ते चढले नव्हते.

१७८१ साली डॉरोथी प्लॅकेट हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ओल्ड वारल्यावर त्यांच्या दुकानाचा भार कॅरींवर पडला आणि हलाखीचे दिवस आले. १७८५ साली ते मोल्टन येथे गेले. तेथे दिवसा शाळा आणि उरल्या वेळी जोडे असा क्रम होता. भूगोल शिकविण्यासाठी त्यांनी चामड्याच्या तुकड्यांचा पृथ्वीगोल तयार केला होता, असे सांगतात. शिक्षकाच्या धंद्यात आमचे आयुष्य गेले असल्याने आम्हांस ह्या गोलाचे विशेष कौतुक वाटते. केटरिंग येथील गॉच नावाचे व्यापारी पादत्राणांचे मोठे मक्तेदार होते. कॅरी शिवलेले जोडे थैलीत घालून त्यांच्याकडे पायी नेत आणि नवे कातडे घेऊन परत येत. गॉच यांनी एके दिवशी आठवड्याची मिळकत विचारून घेतली आणि तेवढी रक्कम दर आठवड्यास आपण देऊ, आता कातडे बाजूस ठेवून अभ्यास करावा, असे सुचविले. आठवड्याचे दहा शिलिंग ही ती रक्कम. एका जोडेविक्याने दिलेली ही शिष्यवृत्ती पुढे मराठी भाषेच्याही उपयोगी पडली.

कॅरी हिंदुस्थानात आले ते ख्रिस्ती धर्माच्या प्रचारासाठी, हे सांगितलेच पाहिजे. तो हेतू आपला नव्हे आणि त्याची चर्चा येथे कर्तव्य नाही. ११ नोव्हेंबर १७९३ रोजी ते कलकत्त्यास उतरले. प्रथम उपासमार, मग बंगालच्या दलदलीत निळीच्या कारखान्यावर नोकरी. १७९४ साली पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. त्या आघाताने डॉरोथीबाईंचे चित्त कायमचे भ्रमले आणि १८०७ साली त्यांचा अंत झाला. त्या ह्या प्रवासास मनापासून तयार नव्हत्या. थोर पुरुषांच्या कीर्तीची किंमत पुष्कळदा त्यांच्या घरच्यांनी मोजलेली असते, हे चरित्र वाचताना विसरू नये.

१८०० साली कॅरी डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपूर येथे आले आणि सहकाऱ्यांसह त्यांनी छापखाना घातला. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांनी कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांसाठी कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. १८०१ साली कॅरी तेथे बंगालीचे अध्यापक झाले. पुढे संस्कृत आणि मराठीही त्यांच्याकडे आली.

येथे आपल्या वऱ्हाडचा संबंध येतो. ह्याच लॉर्ड वेलस्लींचे धाकटे बंधू आर्थर वेलस्ली यांनी २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील आडगाव येथे भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला, आणि पुढील महिन्यात अमरावती जिल्ह्यातील गाविलगड घेतला. हेच सेनापती पुढे वेलिंग्टनचे ड्यूक झाले. लंडनच्या होबी नामक चर्मकाराकडून त्यांनी जो उंच बूट घडवून घेतला, त्याला आजही जगात वेलिंग्टन बूट म्हणतात. एका भावाने मराठी मुलूख जिंकावा आणि दुसऱ्याच्या कॉलेजात एका चर्मकाराने मराठी शिकवावी, असा हा योग होता. राज्य करण्यास भाषा लागते, म्हणून कंपनीने ती शिकविली. परंतु राज्य गेले आणि भाषेची पुस्तके राहिली.

१८०५ साली कॅरींचे मराठी भाषेचे व्याकरण श्रीरामपूर येथे छापले गेले. १८१० साली त्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. ह्या कामी वैजनाथ पंडितांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. सिंहासनबत्तिशी, हितोपदेश आणि नागपूरच्या रघूजी भोसल्यांची वंशावळ ही गद्य पुस्तकेही १८१४ ते १८१६ ह्या काळात तेथूनच निघाली. मोल्सवर्थ यांचा सुप्रसिद्ध कोश १८३१ चा आणि दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ चे; ह्यावरून कॅरींचे काम किती आधीचे आहे हे ध्यानात येईल. नंतरचे ग्रंथ अधिक शुद्ध आणि पूर्ण आहेत यात शंका नाही. परंतु पायवाट पाडणाऱ्याचा मान वेगळाच असतो. छापखान्यातील खिळे पाडणारे पंचानन कर्मकार हे जातीने लोहार होते, आणि त्यांच्यामागे जावई मनोहर यांनी ते काम चालविले. तेव्हा चर्मकाराने व्याकरण लिहिले आणि लोहाराने त्याची अक्षरे घडविली, असे म्हणावयास हरकत नाही.

११ मार्च १८१२ रोजी छापखान्यास आग लागून कागद, खिळे आणि अनेक वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते जळाली. कॅरी तेव्हा पन्नास वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ केला. कॉलेजात त्यांना दरमहा पाचशे आणि पुढे हजार रुपये वेतन मिळे. त्यातील बहुतेक सर्व ते सार्वजनिक निधीत घालीत. १८१८ साली श्रीरामपूर कॉलेज निघाले, ते आजही चालू आहे. १८२० साली त्यांनी शेती आणि बागाईतीच्या सुधारणेसाठी संस्था काढली. सती बंदीचा १८२९ चा कायदा बंगालीत भाषांतरित करण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्या दिवशीचे प्रवचन दुसऱ्यावर सोपवून त्यांनी ते त्याच दिवशी पुरे केले. कारण एका दिवसाच्या विलंबानेही कोणा स्त्रीचा प्राण गेला असता.

असे असूनही धंद्यावरून त्यांची टिंगल थांबली नाही. विलायतेतील सिडनी स्मिथ नामक विनोदी लेखकाने ह्या मंडळींस पवित्र केलेले चांभार म्हणून हिणविले. बराकपूर येथे गव्हर्नर जनरलांच्या भोजनप्रसंगी एका अधिकाऱ्याने, कॅरी पूर्वी जोडे करीत होते ना, असे मुद्दाम मोठ्याने विचारले. तेव्हा, जोडे करणारा कसला, आपण तर केवळ जुने जोडे सांधणारे होतो, असे कॅरींनी शांतपणे सांगितले, अशी आख्यायिका आहे. ज्याचा जोडा नमुना म्हणून दुकानात टांगला होता, त्याने मानाच्या पंगतीत एक पायरी खाली उतरून उत्तर दिले. लाज वाटली ती विचारणाऱ्यास. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

हे चरित्र आम्ही सांगितले त्यास कारण आहे. शाळेच्या पटावर वडिलांचा धंदा लिहावयाची वेळ आली की आपली मुले खाली मान घालीत, किंवा भलताच धंदा सांगत, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहिले. इंग्लंडात चर्मकारास हिणवीत, परंतु त्याला विहिरीपासून दूर ठेवीत नसत. आपल्या वाडवडिलांनी जे सोसले ते ह्याहून फार कठीण होते; म्हणून मुलांच्या त्या संकोचास आम्ही दोष देत नाही. परंतु लाज हिणविणाऱ्याची आहे, काम करणाऱ्याची नव्हे, एवढे त्यांना घरातून शिकविले पाहिजे.

नॉर्थॅम्प्टनचे हाताने घडविलेले बूट आजही जगातील धनवान लोक मोठी किंमत देऊन घेतात आणि तळ बदलून वर्षानुवर्षे वापरतात. २०१९ साली कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली इटलीच्या एका बड्या कंपनीने तशीच चप्पल आपली म्हणून मांडली, तेव्हा महाराष्ट्रातून आवाज उठला आणि त्या कंपनीस तिचे मूळ भारतीय असल्याचे मान्य करावे लागले. कलेची किंमत जगास कळते. अमरावती आणि अकोल्याच्या बाजारात मात्र प्लास्टिकच्या स्वस्त चपलांपुढे आपला कारागीर केवळ शिलाईपुरता उरला आहे. त्याच्या मुलाने हाच धंदा करावा, असा आमचा आग्रह नाही. त्याने डॉक्टर व्हावे, वकील व्हावे, प्राध्यापक व्हावे. धंदा करावयाचा असेल तर ओल्ड यांच्या दुकानातील जोड्यासारखे काम करावे, आणि सोडावयाचा असेल तर शिकून, ताठ मानेने सोडावा.

आपल्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, जेथे लीळाचरित्र लिहिले गेले, मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. मराठीस २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या विद्यापीठात आपल्या समाजातील मुलामुलींनी व्याकरणाचा आणि कोशाचा अभ्यास करावा, अशी आमची इच्छा आहे. हे क्षेत्र आपले नव्हे असे कोणी म्हटल्यास, भारतात मराठीचे पहिले व्याकरण छापणारा मनुष्य कोणता धंदा करीत होता, एवढेच त्यास नम्रपणे विचारावे.