बीएस्सी केमिस्ट्री, बंद दार आणि नीरेचं मडकं : कमला सोहोनी यांची गोष्ट

इंटरचा निकाल लागला की आदिलाबाद, बेला, जैनथकडच्या घरांमध्ये आठवडाभर एकच विषय असतो. एमपीसीवाल्यांची धाव इंजिनिअरिंगकडे, बायपीसीवाल्यांची नीटकडे. तिकडे नंबर लागला नाही की डिग्री कॉलेज आणि काकतीय विद्यापीठाची बीएस्सी. बाकीचे विषय कोणतेही असोत, केमिस्ट्री बहुतेकांच्या वाट्याला येतेच. घेणारी मुलगी असेल तर शेजारपाजारचेही विचारून जातात, बीएस्सी करून पुढे काय? बीएड, की सरळ लग्न?

१९३३ मध्ये मुंबईत एका मुलीनं रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र दुय्यम विषय घेऊन बीएस्सी केली. पुढे काय, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. तो दुसऱ्यांना पडला, आणि तोही देशातल्या सर्वांत मोठ्या शास्त्रज्ञाला.

ही मुलगी म्हणजे कमला भागवत, लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी. मराठी वाचकांना दुर्गा भागवत ठाऊक असतात. कमला ही त्यांची सख्खी बहीण. एकीच्या वाट्याला सभा, लेख आणि कीर्ती आली. दुसरीचं नाव रसायनशास्त्र शिकलेल्यांनाही पुष्कळदा सांगावं लागतं.

घरातच केमिस्ट्री

कमलाचा जन्म १९११ मध्ये इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरला टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या विज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांमध्ये या दोघा भावांचा समावेश होता. लोक या संस्थेला नुसतं टाटा इन्स्टिट्यूट म्हणायचे, आज ती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणून ओळखली जाते. त्यामुळे भागवतांच्या घरात मुलीनं केमिस्ट्री घेणं हे काही नवल नव्हतं. बीएस्सी झाली की बंगलोरला जायचं, वडील गेले तसंच, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. गुण उत्तम होते, अर्जात खोट नव्हती.

१९३३ मध्येच सर सी. व्ही. रामन त्या संस्थेचे संचालक झाले. पहिले भारतीय संचालक, आणि तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. त्यांच्याकडून उत्तर आलं, ते नकाराचं. कारण गुणांचं नव्हतं, विषयाचंही नव्हतं. अर्जदार मुलगी आहे, एवढंच.

त्या काळात असं पत्र आलं की घरातले समजूत घालत आणि मुली गप्प बसत. कमला वडील आणि काकांसोबत बंगलोरला गेली. वडीलधाऱ्यांनी रदबदली केली, उपयोग झाला नाही. मग तिनं रामन यांनाच गाठलं आणि विचारलं, मुलींना घेऊ नये असा नियम कुठं लिहिलाय? तसा नियम नव्हताच. मग तिनं सांगितलं की प्रवेश मिळेपर्यंत इथून हलणार नाही, आणि त्यांच्या दाराशी सत्याग्रहाला बसली. मिठाच्या सत्याग्रहाला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. हत्यार सगळ्यांच्या ओळखीचं होतं, फक्त प्रयोगशाळेच्या दारात ते कुणी वापरलं नव्हतं.

रामन शेवटी नमले, पण अटी घालून. पहिलं वर्षभर ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नव्हती. मार्गदर्शक म्हणतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावं लागणार होतं. आणि तिच्या असण्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये, ही तिसरी अट. बरोबरच्या कोणत्याही मुलाला यातली एकही अट नव्हती. कमलानं तिन्ही मान्य केल्या. हा अपमान ती विसरली मात्र नाही. कित्येक वर्षांनी, रामन यांच्या मोठेपणाबद्दल कुठलीही शंका न घेता, त्यांचा दृष्टिकोन किती कोता होता हे तिनं जाहीर कार्यक्रमात स्पष्ट बोलून दाखवलं.

त्या संस्थेतली पहिली विद्यार्थिनी म्हणून तिचं नाव पुष्कळ ठिकाणी छापलं जातं. संस्थेच्या जुन्या नोंदींत त्याआधीच्या दशकातही एकदोन मुलींची नावं सापडतात, तेव्हा पहिलेपणाचा आग्रह धरण्याचं कारण नाही. पण आधी मुली येऊन गेलेल्या असतानाही हिला दारात बसावं लागलं, ही गोष्ट जास्त बोलकी आहे.

मार्गदर्शक म्हणून श्रीनिवासय्या मिळाले. कडक, पण शिकवण्यात हात न आखडणारे. त्यांच्या हाताखाली दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर तिचं काम सुरू झालं. वर्ष सरलं तेव्हा रामन यांनी तिला नियमित केलं, आणि पुढे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एमएस्सी विशेष प्राविण्यानं मिळाली.

बटाट्यातला शोध

शिष्यवृत्ती मिळवून १९३७ च्या डिसेंबरात ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली. जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले. प्रयोगशाळेत जागा नव्हती. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकानं आपलं टेबल देऊ केलं. दिवसा तिनं वापरायचं, रात्री तो वापरणार. बंगलोरला जागेसाठी धरणं धरावं लागलं होतं, इथं एका अनोळखी माणसानं सरकून जागा करून दिली.

मात्र केंब्रिजचंही फार गुणगान नको. तिथं बायकांना १९४८ पर्यंत विद्यापीठाचं पूर्ण सभासदत्व नव्हतं. परीक्षा द्या, पदवीचं नाव घ्या, पण पदवीधर पुरुषाचे हक्क मागू नका, असा कारभार होता.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर ती रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागली. हाताशी होता साधा बटाटा. श्वास घेतो तेव्हा आत गेलेला ऑक्सिजन पेशीत नेमका वापरला कसा जातो, हा प्रश्न त्या काळी ताजा होता. सायटोक्रोम नावाची लोह असलेली प्रथिनं इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे देत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचवतात, हे केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी प्राण्यांमध्ये आणि यीस्टमध्ये दाखवलं होतं. वनस्पतींचं काय? कमलानं बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम सी आहे हे दाखवलं. म्हणजे माणूस, यीस्ट आणि जमिनीतला बटाटा, श्वासाच्या बाबतीत तिघांची यंत्रणा एकाच जातीची. आज बीएस्सीच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं. तेव्हा मात्र ती बातमी होती. हिल आणि भागवत या दोन नावांनी १९३९ मध्ये त्या कामाचं टिपण ‘नेचर’मध्ये आलं.

चौदा महिन्यांत काम आटोपून तिनं प्रबंध दिला. टाइप केलेली जेमतेम चाळीस पानं. जाडजूड प्रबंधांची सवय असलेल्यांना आजही ते खरं वाटत नाही. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली, आणि विज्ञान विषयात ती मिळवणारी पहिली भारतीय महिला म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

कुन्नूर, म्हणजे आजचं तारनाका

त्याच वर्षी ती परतली. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाची प्रमुख झाली, तिथून निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. जीवनसत्त्वांवर तिथं काम केलं. ही प्रयोगशाळा पुढे १९५८ च्या सुमारास हैदराबादला आली. तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. आपल्या उटनूर, नारनूर भागातल्या गोंड-कोलाम वस्त्यांतल्या आहाराचा विषय निघाला की या संस्थेचं नाव येतं, पण कमलाबाईंनी तिच्या कुन्नूरच्या काळात तिथं काम केलंय हे कुणाच्या ध्यानात नसतं.

१९४७ मध्ये त्यांनी विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न केलं आणि मुंबईला आल्या. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा नवा विभाग सुरू झाला, तिथं त्या शिकवू लागल्या. त्यांचं सर्वांत मोलाचं काम याच काळातलं, आणि ते सगळं स्वयंपाकघराच्या आसपासचं आहे.

वाल घ्या. आपल्याकडे तेलुगू बाजारात अनपकाय म्हणून मिळतात तेच. कच्च्या कडधान्यात असे घटक असतात की ते पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवतात. मग प्रथिनं पोटात जातात खरी, पण अंगी लागत नाहीत. भारतीय धान्यं आणि कडधान्यांतल्या या घटकांचा शोध सोहोनीबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात घेतला. उष्णतेनं हे घटक बऱ्याच अंशी निकामी होतात. डाळ नीट शिजू दे म्हणून आजी ओरडायची त्यामागचं रसायन हे. आता आपल्या शिवारात सोयाबीन भरपूर पिकतं, आणि त्यातही ट्रिप्सिन अडवणारे हेच घटक असतात. कच्च्या सोयाबीनचं पीठ पौष्टिक म्हणून मुलांना देणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

दुसरा विषय नीरा. तो निघाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून. शिंदीची, ताडाची झाडं आपल्याकडे काय कमी आहेत! पहाटेच्या मडक्यातला रस गोड असतो. ऊन चढलं की यीस्ट त्यातल्या साखरेचा अल्कोहोल करू लागतं आणि नीरेची ताडी होते. तेलंगणात झाडावरच्या या रसाचा विषय कल्लू दुकानापाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो. सोहोनीबाईंनी त्यात खाद्य पाहिलं. नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह आहे, आणि आटवून गूळ केल्यावरही ते टिकतं, असं त्यांच्या प्रयोगांत आढळलं. कुपोषित आदिवासी मुलामुलींना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर तब्येतीत फरक पडला. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

इतकं करूनही संस्थेचं संचालकपद चार वर्षं लांबवलं गेलं. पात्रता होती, ज्येष्ठता होती, आदेश तेवढा निघत नव्हता. शेवटी निघाला.

शिकवता शिकवता, आणि निवृत्तीनंतर जास्तच, त्या ग्राहकांच्या कामात पडल्या. १९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली, त्यांतल्या त्या एक. ‘कीमत’ या तिच्या मासिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत. भेसळ ओळखायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. दुधात पिठूळ काही मिसळलं असेल तर आयोडीनचा थेंब निळा पडतो. हळदीत मेटॅनिल यलो असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लानं रंग जांभळट-गुलाबी होतो आणि पाणी घातलं तरी जात नाही. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची केमिस्ट्री एवढ्याला पुरते. १९८२-८३ मध्ये त्या या सोसायटीच्या अध्यक्षही होत्या.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. बंगलोरच्या दारात बसल्याला तेव्हा पासष्ट वर्षं होत आली होती. सत्काराच्या त्या कार्यक्रमातच कमलाबाई कोसळल्या, आणि पुन्हा उठल्या नाहीत.