फॅरडेचे माणिकरंगी सोने

मायकेल फॅरडे म्हटले की चुंबक, तारेचे वेटोळे आणि 1831 सालचा विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध यांचीच आमच्या वाचकांना आठवण होते. तो भाग पाठ्यपुस्तकांत येऊन गेला असल्याने येथे आम्ही सांगत बसत नाही. त्याच्या उतारवयातील एक उद्योग मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो, आणि आमच्या मते त्याचे मोल थोडके नाही.

22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी फॅरडेचा जन्म झाला. शाळा जेमतेम झाली. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीस राहिला आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचून शहाणा झाला. 1812 साली हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकून त्यांची टिपणे त्याने नीट बांधून डेव्हीकडेच पाठविली. पुढल्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यास मदतनिसाची जागा मिळाली.

1856 साली त्याने सोने हाती घेतले, तेव्हा त्याची साठी उलटून गेली होती व स्मरणशक्ती कित्येक वर्षे दगा देत होती. प्रयोगांची क्रमवार नोंद ठेवण्याची जुनी सवय हाच आता आधार. प्रकाशलहरींहूनही बारीक असा धातूचा कण प्रकाशाशी कसा वागतो, हे त्यास पाहावयाचे होते. सोन्याचा पातळ वर्ख उजेडासमोर धरला, तर पलीकडून हिरवा प्रकाश येतो. मग त्याने सोन्याच्या क्षाराच्या द्रावणातून फॉस्फरसच्या साहाय्याने सोने मोकळे केले, तो पाणी माणकासारखे लाल झाले! सूक्ष्मदर्शकात कण दिसेनात. तेव्हा भिंगाने उन्हाचा झोत आत सोडला. झोताची वाट उजळून निघाली. सोने विरघळले नव्हते, अतिसूक्ष्म कणरूपाने तरंगत होते.

त्या पाण्यात थोडे मीठ पडताच लाल रंग निळा झाला. सोने तेच आणि तेवढेच. केवळ कण एकमेकांस बिलगले होते. हा सारा वृत्तांत 5 फेब्रुवारी 1857 रोजी रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. (त्याच वर्षी देऊ केलेले सोसायटीचे अध्यक्षपद त्याने नाकारले.) या कामाचे, होते त्या स्थितीत, त्यास स्वतःला फारसे मोल वाटत नव्हते. हवे ते हाती आले नाही, अशीच त्याची भावना होती.

अशा कणांच्या रंगाचे गणित गुस्टाफ मी याने 1908 साली मांडले. 1931 साली सॅम्युएल किस्लर याने जेलीसारख्या पदार्थातील द्रव काढून, आतील जाळी न मोडता, तीत हवा भरण्याची युक्ती प्रसिद्ध केली. अशा पदार्थास एअरोजेल म्हणतात. आज त्यात सोन्याचे कणही गुंफतात. सिलिकेच्या जाळीत ते सुटे सुटे बसविले, तर लाली टिकते. एकमेकांस जोडून त्यांचीच जाळी विणली, तर लाली लोपून काळसरपणा येतो. मिठाने दाखविलेली किमया ती हीच.

25 ऑगस्ट 1867 रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे फॅरडे वारला. त्याने भरून ठेवलेल्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेविल्या आहेत. त्यांतील पाणी अद्याप लाल आहे.